मध्ये बोलायचं नाही

...नाही, गाठ झाली तर झाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणसाच्या अंगात कुठे ना कुठे काहीतरी व्हायचंच, पण मला सांगा, शरीरात जागा काय कमी आहे? पाय आहे, पाठ आहे, एवढं थोरलं पोट आहे, तिथे झाली असती तर मी हूं की चूं केलं नसतं. पण झाली कुठे? गळ्यात. स्वरयंत्रावर! आणि कुणाच्या? बसस्थानकावर सव्वीस वर्षं माईकवर बोलणाऱ्या माणसाच्या! "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी..." तो मीच. तुम्हीही कधीतरी माझ्या आवाजावर पिशव्या सांभाळत धावला असाल. चुकीच्या फलाटावर धावला असाल तर तो माझा दोष नाही, फलाट बदलतात आणि मला सगळ्यात शेवटी सांगतात, पण ते जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

तर तुम्हाला सांगतो, ऑपरेशन एवढंसंच होतं, सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरी. खरी गंमत पुढेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकवीस दिवस बोलायचं नाही. म्हटलं, म्हणजे हळू बोलायचं? नाही, हळूसुद्धा नाही. मग कुजबुजायचं? कुजबुजण्यानं उलट जास्त ताण येतो म्हणे. खाकरलं तर? नाही. बरं, झोपेत बोललो तर त्याला कोण जबाबदार? तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "हे नेहमीच एवढं बोलतात का?" आणि चोवीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली माझी बायको एक अक्षर बोलली नाही हो! नुसती डोळे मिटून मान हलवली, वरून खाली, वरून खाली, चांगली चार वेळा.

शेवटी मी मुद्द्याचं विचारलं, की बाई, एकवीस दिवसांनी आवाज येईल ना परत? तर म्हणाल्या, बहुतेक येईल. बहुतेक! अहो, पाऊस बहुतेक येतो, पाहुणे बहुतेक येतात, माझा आवाज बहुतेक येऊन कसं चालेल? तिकडे स्थानकावर आमच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड केलेला आवाज लावला, कुठल्या तरी बाईंचा, इतका गोड की गाडी रद्द झाली असं सांगितलं तरी लोकांना बरं वाटावं. आणि मला निरोप, "तुम्ही सावकाश या." सावकाश या म्हणजे काय ते सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर कळतं माणसाला. आवाज आला नाही तर माझी जागा ठरलेली होती, हरवलेल्या सामानाच्या खोलीत, लोकांनी विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत बसायचं. हे सगळं मला कुणाशी तरी बोलायचं होतं. आणि मी गप्प!

घरी आलो. मुलीनं एक पाटी आणून दिली, खडू दिला. आता मला सांगा, बोलायची बंदी कुणाला होती? मला. कान कुणाचे बंद होते? कुणाचेच नाहीत. पण माझी आई, वय वर्षं एक्याऐंशी, माझ्या खाटेपाशी येऊन माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर ओरडायची, "चऽऽहा घेऽऽतोस का?" अगं आई, मला ऐकू येतंय! पण हे सांगणार कसं? मी पाटीवर लिहिलं, "ऐकू येतं." तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, चष्मा शोधायला गेली ती तिकडेच विसरून बसली. बायकोची तऱ्हा आणखी वेगळी. मी पाटीवर लिहायचो, "भूक लागली," तर ती माझ्या हातातून पाटी घ्यायची, फडक्यानं पुसायची आणि खाली लिहायची, "पाच मिनिटं थांबा." तोंड होतं ना तुला! बंदी मला आहे ना! तीन दिवस आम्ही नवरा-बायको एका खोलीत बसून एकमेकांना पत्रं लिहीत होतो. लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतका पत्रव्यवहार झाला नव्हता.

चौथ्या दिवशी ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, कपडे शिवते, स्वतःचं दुकान आहे, आणि ते दुकान तिनं तीन आठवडे बंद ठेवलं. बरोबर दाजी, म्हणजे तिचे यजमान. हे दाजी माझ्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि इतके प्रसन्न दिसत होते की मला संशय आला. रोज सकाळी अंघोळ करून यायचे, खुर्चीत टेकायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सलग. दहा वाजले की म्हणायचे, "वा, काय सकाळ आहे." आणि मी गप्प!

आता खरी गोष्ट ऐका. माणूस चार दिवस गप्प बसला ना, की तो हळूहळू दिसेनासा होतो. घरातल्या कपाटापुढे आपण काहीही बोलतो की नाही? तसं. आणि तुम्हाला सांगतो, मला धक्काच बसला, कारण पन्नास वर्षं माझी अशी समजूत होती की आमचं घराणं अबोल आहे. खरंच सांगतो! आई अबोल, ताई मोजकं बोलणारी, बायको तर मुकीच, मुलगी शांत, दाजी म्हणजे नुसती मान. मला वाटायचं, सगळं घर माझ्यावर चाललंय. मी बोललो नाही तर या घरात आठ-आठ दिवस शब्द उमटणार नाही. दमायचो हो मी! पण म्हणायचो, आपली माणसं आहेत, करायला पाहिजे.

आणि पाचव्या दिवशी बघतो तर काय, माझी बायको स्वयंपाकघरात उभी राहून खालच्या मजल्यावरच्या बाईंची नक्कल करतेय! हात कमरेवर, मान वाकडी, आवाज हुबेहूब, आणि माझी शांत मुलगी हसून हसून जमिनीवर बसलेली. नंतर हिनं डॉक्टरीणबाईंची केली, आमच्या साहेबांची केली, आणि मग माझी केली. माझी! "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, आज भाजीत मीठ कमी आहे." आणि काय सांगू, झकास केली. मी आत खाटेवर पडून तोंड दाबून हसतोय, कारण हसायलाही बंदी. चोवीस वर्षं! चोवीस वर्षं ही बाई माझ्या घरात राहतेय आणि मला पत्ता नाही. ताई तर दिवसभर बोलत होती, कपडे शिवायला येणाऱ्या बायकांचे एकेक किस्से. आई तिच्या लहानपणच्या विहिरीची गोष्ट सांगत होती, मी जन्मात ऐकली नव्हती. दाजींना राजकारणावर मतं आहेत. मतं! आणि मी गप्प! म्हटलं, हे सगळे इतकी वर्षं होते कुठे?

ते कळलं बाराव्या दिवशी.

दुपारची वेळ. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो, पण सांगणार कसं. शेजारी खाली बसून ताई, बायको आणि मुलगी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. मुलगी म्हणाली, आत्या, एक गंमत सांगू का, बाबा आता बोलत नाहीत तरी मी त्यांच्या खोलीत आले की अजून मध्येच थांबते, वाटतं ते काहीतरी सांगत असतील. तशी ताई हसली. म्हणाली, सवय गं, तो नियम मीच घातला होता आणि उठवायचा राहूनच गेला. मुलगी म्हणाली, कसला नियम, आई तर मला लहानपणापासून सांगते, बाबा बोलत असले की मध्ये बोलायचं नाही, मला वाटलं ती मोठ्यांशी वागायची पद्धत आहे. तर बायको म्हणाली, "मला लग्नाच्या आधी तुझ्या आत्यानं सांगितलं."

आणि मग ताईनं सांगितलं. मी पाच वर्षांचा असताना बोलताना अडकायचो म्हणे. मी! थोडंथोडकं नाही, 'पाणी' म्हणायला घेतलं की 'पा' वरच थांबायचो, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, आणि समोरचा माणूस घाईनं म्हणायचा, पाणी का रे? घे. प्रत्येक जण माझा शब्द पुरवायचा. शेजारी पुरवायचे, दुकानदार पुरवायचा, मास्तर पुरवायचे, प्रेमानंच पुरवायचे, आणि मी बोलायचंच सोडून दिलं. कशाला बोलायचं, शब्द तर सगळे लोकांच्याच तोंडात. तेव्हा ताई तेरा वर्षांची होती. ती एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं आईवडिलांना सांगितलं, की आजपासून हा बोलत असला तर मध्ये बोलायचं नाही. शब्द पुरवायचा नाही. हातातलं काम थांबवायचं आणि ह्याचं होईपर्यंत वाट बघायची.

आणि त्यांनी ऐकलं हो! तेरा वर्षांच्या पोरीचं! आमचे वडील, ते आता नाहीत, कारखान्यात जायचे, सकाळची बस ठरलेली, पण मी दारात 'टा... टा...' करत उभा असलो तर डबा हातात धरून उभे राहायचे, माझा 'टाटा' पूर्ण होईपर्यंत. किती वेळा बस चुकली, किती वेळा उशिराची बोलणी खाल्ली. मला काय आठवतंय? मला आठवतंय की मी बोलायला लागलो की सगळं घर हातातलं टाकून माझ्याकडे बघायचं. आईचे लाटणं धरलेले हात थांबायचे, ताईचं मशीन थांबायचं. मला वाटायचं, बापरे, काय बोलतो मी! माझा असा पक्का समज झाला की माझ्यासारखा वक्ता नाही. त्याच समजावर तर मी माईकवर नोकरीला लागलो.

थांबा, अजून आहे. आमच्याकडची बसची गोष्ट. ही मी हजार वेळा सांगितली आहे, सोयरिकीत, ऑफिसात, सगळीकडे. मी सात वर्षांचा, आई, ताई आणि मी मावशीकडे चाललोय, मधल्या थांब्यावर आई पाणी आणायला उतरली आणि बस सुटली, आणि मी असा सीटवर उभा राहून आरोळी ठोकली, "आई राहिली!" आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बरोबर? चूक. सगळं चूक. ताई म्हणाली, मी सीटवर उभा राहिलो हे खरं, पण तोंडातून निघालं "आ..." आणि अडकलं. "आ... आ..." बस चालली. ताई पंधरा वर्षांची, तिला दिसत होतं की आई खाली राहिली, तिला एका दमात ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही. तिनं ओठ दाबून धरले. कंडक्टर विचारायला आला, तर त्याला हातानं थांबवलं. सगळी बस माझ्याकडे बघतेय, बस पुढे चाललीय, पुढचं गाव आलं, गेलं, आणि त्याच्याही पुढे नदीच्या पुलापाशी माझं वाक्य पूर्ण झालं. आई राहिली. मग बस वळवली.

बायको घडी अर्धवट टाकून ऐकत होती. तेवढ्यात आई आत आली, तिला हे सगळं कसं ऐकू गेलं कोण जाणे, आणि म्हणाली, "दीड तास उन्हात बसले होते मी दगडावर. ह्याचं वाक्य व्हायचं होतं म्हणून." मुलीनं विचारलं, आजी, तू रागावली नाहीस? आई म्हणाली, रागावले की, घरी आल्यावर हिला दोन धपाटे घातले. मग हिनं सांगितलं की त्यानं पूर्ण म्हटलं गं आई, कुणी न पुरवता सगळं म्हटलं. मग मी हिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

आणि मी गप्प. ह्या वेळी मला बोलायची परवानगी असती तरी मी गप्पच राहिलो असतो. डोळे मिटलेलेच ठेवले. कडेनं पाणी कानात जात होतं, पुसलं असतं तर जागा आहे हे कळलं असतं.

पुढचे नऊ दिवस मी नुसता आठवत होतो. दाजी नवे नवे जावई म्हणून आले तेव्हा जेवताना मध्येच काहीतरी बोलायला गेले आणि एकदम थांबून कळवळले, ते मला वाटलं जीभ चावली. ताईनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला होता. तेव्हापासून चौतीस वर्षं ते नुसती मान हलवतात. बायकोनं चोवीस वर्षं नकला गिळल्या. मी तर आठ-नऊ वर्षांचा असतानाच घडाघडा बोलायला लागलो होतो, पण नियम उठवायचा असतो हे त्या घरात एकालाही सुचलं नाही! आणि मला सांगितलंही नाही कुणी, का, तर कळलं तर पोरगा पुन्हा अडकेल. पन्नास वर्षांचा पोरगा! मी माझा आवाज माझा म्हणत होतो हो. मी म्हणायचो, मला कुणी शिकवलं नाही, देवाची देणगी. देणगी कसली, घरच्या माणसांनी तोंडं मिटून तयार केलेला आवाज तो. आणि आता तो परत येणार की नाही हे माहीत नाही, आणि त्यांना हे एकदा तरी सांगायचंय. छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायची माझी तयारी झाली होती, खरंच झाली होती, पण ताईचे आभार मानायचे होते, ते पाटीवर नाही, तोंडानं. पाटीवर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. खडूनं लिहिलेले आभार कुणी वाचत उभं राहिलं तर मला ते बघवलं नसतं.

एकविसावा दिवस. डॉक्टरीणबाईंची खोली एवढीशी, आणि त्यात आम्ही सहा जण, आईसुद्धा आली, ऐकेचना. बाईंनी गळ्यात नळी घालून बघितलं, जखम भरलीय म्हणाल्या, आता बोला, सावकाश, ताण न देता, एखादा सोपा शब्द. माझा शब्द ठरलेला होता. मी तोंड उघडलं. "ता..."

नुसती हवा आली. पुन्हा घेतला. "ता... ता..." आणि अडकलं. तुम्हाला सांगतो, मला पाचव्या वर्षाचं काही आठवत नव्हतं ना, ते त्या क्षणी सगळं आठवलं. मी समोर बघितलं. आई पिशवीची चेन लावत होती, तो हात अर्ध्यावर थांबलेला. बायकोच्या हातात रुमाल, तसाच. मुलीनं फोन खाली केला. दाजींनी श्वास धरला होता. डॉक्टरीणबाई चांगल्या हो, मदत करायला गेल्या, म्हणाल्या, "ताई म्हणा..." आणि आमच्या ताईनं, एवढ्या शिकलेल्या बाईंना, हात वर करून थांबवलं. बोलली नाही, नुसता हात. आणि बाई थांबल्या. सगळी खोली थांबली. किती वेळ गेला मला माहीत नाही, बाहेरचे पेशंट दार वाजवून गेले, आमच्यातलं कुणी हललं नाही. आणि मग आला. फाटका, जाड, पण पुरा.

"ताई."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आई म्हणाली, झालं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि डोळे पुसले, ऍलर्जी असेल त्यांना.

बाहेर बाकावर बसलो. म्हटलं, हीच वेळ. मी म्हटलं, "ताई, तो नियम आता उठव." तिचा चेहरा असा झाला की काय सांगू. तुला कुणी सांगितलं? म्हटलं, तूच, बाराव्या दिवशी, घड्या घालताना. ती गोरीमोरी झाली. म्हटलं, पुरे झाली पंचेचाळीस वर्षं, मला आता बोलता येतं, अडकलो तर अडकेन, पण ह्या सगळ्यांना बोलू दे. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी ताप बघायची तसं. मग म्हणाली, "बरं. उठवला."

अहो, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दाजी म्हणाले, चौतीस वर्षं मला तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगता! बायको म्हणाली, दोनदा कुठली, चारदा. मुलगी म्हणाली, आणि बाबा, फलाटाला पलाट म्हणता तुम्ही. आई म्हणाली, मी कधीची म्हणतेय, त्या दिवशी ऊन फार होतं. सगळे एकदम! त्या दवाखान्याच्या बाकावर! म्हटलं, थांबा, एक मिनिट, मला मुख्य गोष्ट बोलायचीय, ताई, मी तुझे... तर दाजी म्हणाले, आणि दुसरं म्हणजे!

नोकरी आहे, हो. सकाळी दोन तास मी, उरलेला दिवस त्या गोड आवाजाच्या बाई, साहेब म्हणाले हळूहळू वाढवू. आवाज थोडा जाडा झालाय, पण लोक धावतात. घरी मात्र विचारू नका. घरी आता माझं एक वाक्य पूर्ण होत नाही. मी अर्ध्यावर असतो, बायको नक्कल सुरू करते, मुलगी पुरवते, दाजींचा रोज संध्याकाळी फोन येतो, बाकीचे मुद्दे सांगायला. आणि ताई? ताई गुणाची, ती अजूनही माझं सगळं पूर्ण ऐकून घेते, काम थांबवून, एक शब्द मध्ये बोलत नाही. फक्त मी "ताई, तू माझ्यासाठी जे..." एवढं म्हटलं, की तिचं मशीन सुरू होतं. खडखडखडखड! शिवायला काही नसलं तरी. आज महिना झाला, माझे आभार अर्धेच मानून झालेत, आणि नियम उठवायला मीच लावलाय, आता तक्रार तरी कुणाकडे करायची?